२१ दिवस उपाशी राहणाऱ्या गांधीजींनी तब्येतीसाठी मात्र साधा नाश्ता सोडला होता

वारणानगर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? साखर कारखाना, दूध संघ, तूप आणि श्रीखंडाचा डबा. तात्यासाहेब कोरेंनी सहकारातून उभं केलेलं हे गाव. इथली निम्मी ओळख गोड खाण्याची आहे. पण याच वारणा खोऱ्यात आता सकाळी फिरायला बाहेर पडलात, की गप्पा न खाण्याच्या ऐकू येतात. कुणी सोळा तास काही खात नाही, कुणी दिवसातून दोनदाच जेवतो, तर कुणी मोबाईलवरचा व्हिडिओ बघून तीन दिवस, सात दिवस नुसतं पाणी पिऊन राहायचं ठरवलेलं असतं. ढेरी कमी करायची, शुगर आटोक्यात आणायची, गुडघ्यांवरचा भार हलका करायचा. कारणं खरी आहेत.

तसं उपवास आपल्याला नवा नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार हे सगळं घरातच शिकलोय. फक्त आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. म्हणूनच एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आली. पण आता जे चाललंय ते वेगळं आहे. खरोखर काहीच न खाता दिवसच्या दिवस काढायचे आणि रोज वजनकाट्यावर उभं राहायचं.

अशा चर्चेत एक नाव हमखास निघतं. महात्मा गांधी. म्हातारपणी, काटकुळ्या अंगाने, तो माणूस एकवीस दिवस उपाशी राहिला, मग आपल्याला काय होतंय, असा तो हिशोब असतो.

विषय असा आहे, की गांधीजींनी स्वतःच्या शरीरावर उपवासाचे जितके प्रयोग केले आणि त्यातल्या चुका जितक्या उघडपणे लिहून ठेवल्या, तितक्या क्वचितच कुणी लिहिल्या असतील. त्यांचे कित्येक मोठे उपवास आपल्या पुण्यातच झाले. म्हणून आज त्यांचं आयुष्य राजकारणाच्या नाही, तर पोटाच्या बाजूने बघू.

आईचा उपवास, पोराचं आभाळाकडे लक्ष

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, काठेवाडातल्या पोरबंदरचा. आई पुतळीबाई अतिशय श्रद्धाळू. चातुर्मासात तिचे कडक नेम असायचे. लागोपाठ दोन-तीन उपवास करणं तिला काहीच वाटायचं नाही. एका चातुर्मासात तिने सूर्य दिसल्याशिवाय जेवायचं नाही असा नेम धरला. दिवस पावसाळ्याचे. मुलं अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत बसायची. सूर्य दिसला की आईला हाक मारायची. ती बाहेर येईपर्यंत तो ढगाआड गेलेला असायचा. मग ती हसत पुन्हा कामाला लागायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

इथे उपवास हा वजनाचा विषय नव्हता. शब्द दिला की पाळायचा, एवढंच. पुढे गांधीजींच्या सगळ्या मोठ्या उपवासांमागे हीच आई दिसते.

१८८८ मध्ये ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. मांस खाणार नाही, असं आईला वचन दिलेलं होतं. सुरुवातीचे दिवस अर्धपोटी गेले. ब्रेडचा आणखी एक तुकडा मागायचीही लाज वाटायची. शेवटी फिरता फिरता एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवण मिळालं. तिथून त्यांना आहाराच्या प्रयोगांचा नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

डोकेदुखी आणि सोडलेला नाश्ता

आता येऊ मुद्द्याच्या गोष्टीकडे. पुढे गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होते. जोहान्सबर्गमध्ये जम बसला होता. पण दोन दुखणी मागे लागली होती. बद्धकोष्ठता आणि सारखी डोकेदुखी. अधूनमधून रेचक घ्यायचं, आहार जरा सांभाळायचा आणि दिवस ढकलायचे, असं चाललं होतं.

आज आपल्याला वाटतं की गांधीजी म्हणजे जन्मापासून मूठभर खाणारे. तसं अजिबात नव्हतं. त्या काळात ते दिवसाला तीन वेळा भरपेट जेवायचे, वर दुपारचा चहा. चमचमीत पदार्थ त्यांना आवडायचे. तेव्हाच त्यांच्या वाचनात आलं, की इंग्लंडात मँचेस्टरला नाश्ता न करणाऱ्यांचा एक संघ निघालाय. त्याच सुमाराला अमेरिकेत एडवर्ड डेवी नावाचे डॉक्टर सकाळचं खाणं सोडण्याचा जोरदार प्रचार करत होते. म्हणजे आज जे इंटरमिटंट फास्टिंग म्हणून आपल्याला नवीन वाटतं, त्याची हवा सव्वाशे वर्षांपूर्वीही होती.

मँचेस्टरवाल्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस गरजेपेक्षा जास्त वेळा आणि जास्त खातो. गांधीजींना ते आपल्यालाच लागू आहे असं वाटलं. त्यांनी नाश्ता बंद केला. पहिले काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी थांबली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की आपण आतापर्यंत जास्तच खात होतो. बद्धकोष्ठता मात्र एवढ्याने गेली नाही. त्यासाठी त्यांनी कटिस्नान आणि पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवण्याचे उपाय केले. म्हणजे नाश्ता सोडला आणि सगळे रोग पळाले, असा दावा त्यांनीही केला नाही.

पुढे टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी मुस्लिम मुलांबरोबर रमजानचे रोजे धरले, एकादशी सुरू केली, १९१२ मध्ये दूध सोडलं. १९१५ मध्ये भारतात आल्यावर हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी आणखी एक नेम घेतला. दिवसभरात पाचच्या वर पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही खायचं नाही. पाच म्हणजे मोजून पाच.

इतकंच. तब्येतीसाठी म्हणून त्यांनी आयुष्यभर रोज जे पाळलं ते एवढं छोटं होतं. कमी पदार्थ, ठरलेली वेळ, रात्री खाणं नाही आणि भरपूर चालणं.

पहिली मोठी चूक: पाणी

आता लांबलचक उपवासांकडे येऊ. १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातल्या दोघांच्या हातून चूक झाली. गांधीजींनी स्वतःला प्रायश्चित्त लावून घेतलं. सात दिवसांचा उपवास आणि पुढे साडेचार महिने एकभुक्त. तो उपवास सोपा गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच प्रसंग आला आणि त्यांनी १४ दिवसांचा उपवास केला.

इथे घोळ झाला. सात दिवस सहज गेले म्हणून ते दुसऱ्या वेळी गाफील राहिले. पहिल्या उपवासात ते रोज कटिस्नान घेत होते, ते या वेळी दोन-तीन दिवसांनी बंद केलं. उपाशीपोटी पाण्याची चव नकोशी वाटायची, मळमळायचं, म्हणून पाणीही अगदी कमी प्यायले. घशाला कोरड पडली, अंगातली ताकद गेली, शेवटच्या दिवसांत तर जेमतेम हळू आवाजात बोलता यायचं. लांब उपवासात पाणी नकोसं वाटलं तरी ते प्यावंच लागतं, हे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, अशी कबुली त्यांनी नंतर आत्मकथेत दिली.

आजचं विज्ञान यात थोडी भर घालतं. जेवणातून फक्त ऊर्जा मिळत नाही, बरंचसं पाणी आणि मीठही मिळतं. भाजी, आमटी, ताक, भात या सगळ्यात पाणी असतं. जेवण थांबलं की तेही थांबतं. त्यात उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत शरीर लघवीवाटे मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दिवसाभरात संपत येते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. आपल्याला वाटतं चरबी गेली. चार दिवस जेवलं की त्यातलं बरंच वजन परत येतं, ते याचमुळे.

दुसरी मोठी चूक: उपवास सोडताना

त्या १४ दिवसांच्या उपवासाला जेमतेम दोन महिने झाले होते. जुलै १९१४ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि हर्मन कॅलनबाख इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लंडनला भेटायला बोलावलं होतं. गोखले म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकलेले, गांधीजी ज्यांना राजकीय गुरू मानायचे ते.

गेलेली ताकद लवकर भरून काढावी, भूक लागावी, खाल्लेलं पचावं म्हणून गांधीजी डेकवर फेऱ्या मारू लागले. पण तेवढंही झेपेना. पोटऱ्या दुखायला लागल्या. लंडनला पोचेपर्यंत तब्येत दक्षिण आफ्रिकेत होती त्याहून बिघडली. तिथे तरुण डॉक्टर जीवराज मेहतांनी त्यांना तपासलं. हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. उपवासाची आणि दुखण्याची हकिकत ऐकल्यावर त्यांनी बजावलं, की काही दिवस पूर्ण विश्रांती घेतली नाही तर पाय कायमचे निकामी होण्याची भीती आहे.

पाठोपाठ छातीत पाणी होण्याचा, म्हणजे प्लुरसीचा त्रास सुरू झाला. गोखले स्वतः मधुमेहाने आजारी, पण रोज गांधीजींच्या जेवणाची चौकशी करायचे. गांधीजी शेंगदाणे, केळी, टोमॅटो, द्राक्षं अशा आहारावर होते आणि दूध घ्यायला तयार नव्हते. डॉक्टर सांगतील ते खा, असा गोखल्यांचा आग्रह होता. पण गांधीजींनी दूध घेतलं नाही ते नाहीच.

या सगळ्यातून ते एक धडा शिकले. लांब उपवासातून उठलेल्या माणसाने ताकद परत मिळवायची घाई करू नये आणि भुकेलाही लगाम घालावा. उपवास करण्यापेक्षा तो सोडताना जास्त सांभाळावं लागतं.

गांधीजी हे अनुभवातून शिकले. डॉक्टरांना त्याचं गांभीर्य नीट कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. छावण्यांत उपाशी राहिलेल्या कैद्यांना सुटकेनंतर भरपूर खायला दिलं आणि त्यातले काही जण खाल्ल्यानंतर दगावले. याला आता रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भात, साखर, गोडधोड गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात त्यांची टंचाई झाली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून सात दिवसांचं पाणी-व्रत संपवून थेट पुरणपोळीच्या किंवा तांबड्या-पांढऱ्याच्या ताटावर बसणं ही चेष्टा नाही.

एक वाडगा लापशी आणि महिनोन्‌महिने अंथरूण

१९१८ ची गोष्ट. गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या प्रचारासाठी पायपीट करत होते. खाणं म्हणजे मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. पोट बिघडलं. एका सणाच्या दिवशी दुपारी काही खायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण कस्तुरबांनी गोड लापशी आणि मुगाचा वाडगा समोर ठेवला आणि मोह झाला. तासाभरात आमांश उसळला. अंगात काही उरलं नाही. आपण आता मरणार, असं त्यांना वाटून गेलं.

हवापालट म्हणून त्यांना माथेरानला आणलं. तिथलं जड पाणी सोसेना, आठवड्याच्या आतच परत फिरावं लागलं. मुंबईच्या डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितलं, की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी दूध न पिण्याचा नेम घेतलेला. शेवटी कस्तुरबांनी मार्ग काढला. नेम घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध का नको? गांधीजी कबूल झाले. नेमाचे शब्द पाळले, पण त्यामागचा अर्थ सोडला, याची बोच त्यांना कायम राहिली.

तब्येत मात्र सुधारली. शरीराला जे लागतं ते द्यावंच लागतं, मनाचा निर्धार कितीही पक्का असो, हे इथे दिसलं.

पुणे: उपवासांचं गाव

गांधीजींच्या शरीराचा इतिहास लिहायचा तर पुण्याला टाळता येत नाही. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दिल्लीत हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास केला.

१९२५ मध्ये साबरमतीला आणखी सात दिवसांचा उपवास झाला आणि त्यानंतर त्यांनी उपवास कसा करावा याचे नियमच लिहिले. शरीराची आणि मनाची शक्ती जपून वापरायची. खाण्याचा विचार करायचा नाही. थंड पाणी थोडं थोडं करून भरपूर प्यायचं, हवं तर त्यात मीठ किंवा खायचा सोडा टाकायचा. रोज कोमट पाण्याने अंग पुसायचं. उघड्या हवेत झोपायचं, सकाळचं ऊन घ्यायचं. या नियमांत रोज वजन करायला कुठेच सांगितलेलं नाही.

१९३२ चा येरवड्यातला उपवास तर सगळ्यांना माहीत आहे. २० सप्टेंबरला सुरू झाला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याला गांधीजींचा विरोध होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी बरोबर उलटी होती. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट टाकलेली, तिथे वाटाघाटी चालल्या. तब्येत पहिल्या चार दिवसांतच ढासळली. गांधीजींना काही झालं तर गावोगावच्या दलित वस्त्यांवर सूड उगवला जाईल, ही भीती बाबासाहेबांसमोर होती. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेले, १४८ राखीव जागा आल्या. २६ तारखेला उपवास सुटला. एका माणसाच्या उपाशी राहण्याचं ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर किती पडू शकतं, हे त्या सहा दिवसांत दिसलं. या करारावरचा वाद आजही संपलेला नाही.

पुढचं वर्ष आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं. ८ मे १९३३ ला त्यांनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. सरकारने त्याच दिवशी सोडून दिलं. मग उपवास पार पडला लेडी ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात. वय ६३. पूर्ण विश्रांती, डॉक्टर हाताशी, नियम काटेकोर. एकवीस दिवस निभावले.

मग तीनच महिन्यांच्या आत, १६ ऑगस्टला, येरवड्यात पुन्हा उपवास. तुरुंगातून अस्पृश्यता निवारणाचं काम करू द्यावं, यासाठी. या वेळी मात्र काही दिवसांतच शरीराने हात टेकले. त्यांना ससूनमध्ये हलवावं लागलं आणि तब्येत इतकी खालावली की २३ ऑगस्टला सरकारने त्यांना सोडूनच दिलं.

हे नीट बघा. मे महिन्यात एकवीस दिवस झेपले, ऑगस्टमध्ये आठ दिवस जड गेले. माणूस तोच, निर्धार तोच. फरक एवढाच की मधल्या अडीच महिन्यांत शरीर पुरतं भरून आलं नव्हतं. मागच्या वेळी काही झालं नाही, म्हणून या वेळीही होणार नाही, हा हिशोब उपवासात चालत नाही.

आगाखान पॅलेस, १९४३

सगळ्यात कठीण उपवास पुढेच होता. भारत छोडो आंदोलनात गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं होतं. १५ ऑगस्ट १९४२ ला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच गेले. त्याच कैदेत गांधीजींनी आरोग्यावरचं एक छोटं पुस्तक लिहून काढलं. देशातल्या हिंसाचाराचं खापर सरकार काँग्रेसवर फोडत होतं. त्यावर गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ पासून २१ दिवसांचा उपवास जाहीर केला.

वय ७३. हा आमरण उपवास नव्हता, ताकदीला झेपेल इतका करायचा होता. त्यात त्यांनी एक बदल आधीच कळवला होता. आता साधं पाणी त्यांच्या पोटात ठरत नव्हतं. म्हणून पाण्यात लिंबूवर्गीय फळांचा थोडा रस टाकून ते प्यायचं ठरलं. १९१४ चा धडा ते विसरले नव्हते. पाणी पोटात गेलंच पाहिजे.

सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर, कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधनचंद्र रॉय आणि सरकारी डॉक्टर असा ताफा भोवती होता. तरीही मध्यावर प्रकृती कोसळली. मळमळीमुळे पाण्याचा घोटही जाईना, मूत्रपिंडं काम करेनाशी झाली, रक्तात विषारी द्रव्यं साठू लागली. सरकारने त्यांच्या मृत्यूनंतर काय करायचं याचीही तयारी करून ठेवली. पाण्यात मोसंबीचा रस घातल्यावर पाणी पोटात राहू लागलं आणि हळूहळू ते त्यातून बाहेर आले. तिकडे लंडनमध्ये चर्चिलना संशय, की पाण्यातून गुपचूप ग्लुकोज देत असतील. व्हाइसरॉयने चौकशी केली, पुरावा काही मिळाला नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तीन सदस्यांनी या काळात राजीनामे दिले. त्यातले एक आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. ३ मार्चला उपवास सुटला. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारीला कस्तुरबा त्याच वास्तूत गेल्या आणि ६ मे १९४४ ला मलेरियाने खंगलेल्या गांधीजींची सुटका झाली.

उरुळीकांचन का काढलं?

सुटकेनंतर गांधीजी पुण्याच्या डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहू लागले. ताडीवाला रस्त्यावरची ती वास्तू आज बापू भवन म्हणून ओळखली जाते आणि तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पण शहरातलं केंद्र पैसेवाल्यांनाच परवडणार, गरिबापर्यंत ते पोचणार नाही, असं गांधीजींना वाटू लागलं. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीकांचनला गेले. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली. गांधीजींनी आठवडाभर रोगी तपासले आणि पुढचं काम मणिभाई देसाई या तरुणावर सोपवलं. मणिभाईंनी त्यात आयुष्य घातलं.

आज आपल्या कोल्हापूर-सांगलीकडून वजन उतरवायला, उपवास करायला लोक त्याच उरुळीला जातात. गांधीजींनी मात्र ते काढलं तेव्हा डोळ्यांसमोर होता औषध न परवडणारा खेडूत. माती, पाणी, ऊन, साधं खाणं, स्वच्छता. उपवास हा त्यातला एक भाग, सगळा उपचार नव्हे.

वजन थांबलं आणि डॉक्टर घाबरले

शेवटचा उपवास दिल्लीत, १३ जानेवारी १९४८ ला. फाळणीनंतरच्या दंगलीत पेटलेलं शहर शांत व्हावं म्हणून. वय ७८. पहिल्या दिवसांत वजन उतरलं आणि मग १०७ पौंडांवर, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस किलोवर थांबलं. पोटात अन्नाचा कण नाही, तरी काटा हलेना.

आपण असतो तर म्हटलं असतं, चला, शरीराला सवय झाली. डॉक्टर मात्र घाबरले. मूत्रपिंडं मंदावली होती आणि प्यायलेलं पाणी अंगात साठत होतं. वजन टिकून होतं ते आजार वाढल्यामुळे. काट्यावरचा आकडा किती फसवा असतो, याचं याहून बोलकं उदाहरण सापडणार नाही. १८ जानेवारीला सगळ्या गटांनी शांततेची लेखी हमी दिली आणि मौलाना आझादांच्या हातून रस घेऊन उपवास सुटला. त्यानंतर बाराव्या दिवशी, ३० जानेवारीला, पुण्याहून आलेल्या नथुराम गोडसेने त्यांना गोळ्या घातल्या.

मग आपण काय घ्यायचं?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या तब्येतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ४६.७ किलो, बीएमआय १७.१. डॉक्टरांच्या भाषेत वजन कमी असलेला माणूस. त्यांना उतरवायला वजनच नव्हतं. शिवाय १९४० मध्ये रक्तदाब २२०/११० नोंदलेला. म्हणजे इतकं साधं खाऊन, इतकं चालूनही त्यांना रक्तदाब होताच.

दुसरं टोक बघायचं तर स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी. १९६५-६६ मध्ये तो ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. त्याचे आकडे आजही फिरत असतात. पण तो दवाखान्याच्या देखरेखीखाली होता, रक्त-लघवीच्या तपासण्या चालू होत्या, जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम दिलं जात होतं, हे सांगायचं राहून जातं. नंतर तशाच उपचारात इतर काही रुग्ण दगावले आणि डॉक्टरांनी ती वाट सोडली.

म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेले, रक्तदाबाची औषधं घेणारे, मूत्रपिंडाचा किंवा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं आणि मुळातच वजन कमी असलेले, यांनी व्हिडिओ बघून लांब उपवास सुरू करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं. तब्येत ठणठणीत असेल तरी दिवसच्या दिवस नुसत्या पाण्यावर राहणं हा एकट्याने घरी करायचा प्रयोग नाही.

गांधीजींच्या आयुष्याकडे पोटाच्या बाजूने बघितलं तर दोन वेगळे हिशोब दिसतात. एकवीस दिवसांचे जे उपवास गाजले, ते त्यांनी तब्येतीसाठी केलेच नव्हते. त्यात तब्येत पणाला लावलेली होती, आणि ती जाऊ शकते हे त्यांनाही माहीत होतं, समोरच्यालाही. तब्येतीसाठी जे केलं त्याची कुठे बातमी झाली नाही. सकाळचा नाश्ता सोडला, ताटात पाचच पदार्थ ठेवले, अंधार पडायच्या आत जेवले आणि मैलोन्‌मैल चालले.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी कट्ट्यावर एकवीस दिवसांच्या उपवासाचा विषय काढला, तर त्याला हे दोन्ही हिशोब सांगा. आणि रात्री दहाला उघडायचा तो श्रीखंडाचा डबा दुपारच्या जेवणापर्यंत तसाच राहू द्या. सुरुवात एवढ्यावरही होते.